आडनाव नको, भाडेपावती हवी

बदलीचा कागद हातात पडला की कामगाराला पहिली काळजी लागते ती डोक्यावरच्या छपराची. ड्युटी कुठेही सारखीच. रूळ भुसावळला तापतो तसा झाशीलाही तापतो. टपालाची थैली नाशिकला जड, तशी झाशीलाही जड. पण बायको-मुले आणि चार बोचकी घेऊन परक्या गावी उतरायचे आणि रात्री पाठ कुठे टेकायची ते ठाऊक नसायचे, हे ज्याने भोगले त्यालाच कळते. वेतन, भत्ते, बढती यांवर आपल्या पानांतून नेहमी लिहिले जाते. भाड्याच्या खोलीवर क्वचितच लिहिले जाते. या वेळी आम्ही त्यावरच लिहिणार आहोत. आणि प्रशासनाला जाब विचारण्याआधी आपल्याच लोकांना, आणि स्वतःलाही, जाब विचारणार आहोत.

काही दिवसांपूर्वी आरएमएसमधला एक तरुण साथी आमच्या शाखेत आला. कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा देऊन महाराष्ट्रातून झाशीत सॉर्टिंग असिस्टंट म्हणून रुजू झालेला. जुन्या शहरात, राणी महालापासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्यात माडीवरची खोली रिकामी असल्याचे त्याला कळले. घरमालक मराठी, रेल्वेतून निवृत्त झालेले, आपल्याच संघटनेचे जुने सभासद. फोनवर भाडे ठरले. ‘या, आपलाच माणूस आहात,’ असे म्हणून त्यांनी पत्ता दिला. हा सामान घेऊन पोचला. ओसरीवर पाणी आले, चहा आला. मग पूर्ण नाव विचारले, गाव विचारले. चहा संपेपर्यंत खोली पुतण्यासाठी ठेवायची असल्याचे निघाले. पुतण्या काही आला नाही. पुढच्या आठवड्यात तीच खोली दुसऱ्या आडनावाच्या माणसाला मिळाली.

आम्ही त्याला तक्रार लिहून द्यायला सांगितले. तो म्हणाला, ‘लिहून काय होणार, भाऊ? त्यांनी नाही कुठे म्हटलं? पुतण्या म्हटलं.’

आम्ही त्या घरमालकांकडे गेलो. मोर्चात खांद्याला खांदा लावून चाललेला माणूस. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात हार आम्हीच घातला होता आणि ‘कामगार तेवढा एक’ असे भाषणही आम्हीच केले होते. ते म्हणाले, ‘आम्ही कुठे जात विचारली? घरात देवघर आहे, म्हातारी आई आहे, तिला चालत नाही.’ आमच्याकडे उत्तर होते. पण जुनी ओळख आडवी आली, आम्ही चहा प्यालो आणि परत आलो. त्या दिवशी ओसरीवर जे बोललो नाही, ते आज येथे लिहीत आहोत.

आधी स्वतःचे सांगतो. १९९३ साली भुसावळहून आम्ही झाशीत आलो, तेव्हा दोन तासांत आम्हाला खोली मिळाली. कोणी पगार विचारला नाही, कागद मागितला नाही. आडनाव ऐकले, ‘अरे, आपलेच की,’ म्हणाले आणि किल्ली हातात दिली. तेव्हा आम्हाला त्यात वावगे काही वाटले नाही. परगावी आपुलकी मिळाली, असेच वाटले. ज्या शब्दाने आमच्यासाठी दार उघडले, त्याच शब्दाने दुसऱ्या कोणासाठी ते बंद होत असेल, हे ध्यानात यायला फार वर्षे गेली.

झाशीच्या जुन्या शहरात मराठी घरे आली कशी, हे नव्या मंडळींना माहीत असावे. किल्ला ओरछाच्या बीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधला. पुढे छत्रसालाने बाजीरावाला मुलखातला वाटा दिला आणि मराठे बुंदेलखंडात स्थिरावले. १७४२ च्या सुमारास सुभेदार म्हणून आलेल्या नारो शंकरांनी किल्ल्याला शंकरगडाची जोड दिली आणि खाली पेठ वसवली. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या मंदिराची घंटा प्रसिद्ध आहे, तेच हे नारो शंकर. नेवाळकरांच्या काळात शहर वाढले. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७-५८ च्या धामधुमीत येथे होते आणि इंग्रजांचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापले गेले. म्हणजे रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी मराठी माणूस पोटासाठी झाशीत येत होता आणि येथे डोके टेकायला जागा शोधत होता.

रेल्वे आली १८८० च्या दशकाच्या अखेरीस, इंडियन मिडलँड कंपनीची. १९०० मध्ये ती जीआयपीकडे गेली. झाशीचे दोर मुंबईच्या हाती आले आणि ते पुढे मध्य रेल्वेच्या काळातही शंभर वर्षे तसेच राहिले. भुसावळचा फिटर, कल्याणचा गार्ड, नागपूरचा कारकून बदलीवर झाशीत येत राहिला. १ एप्रिल २००३ रोजी झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला, तेव्हा हा राबता कमी झाला; थांबला मात्र नाही. कोणी भरती बोर्डाच्या परीक्षेतून येतो, कोणी आपसी बदलीने. स्टेशनला २०२१ च्या अखेरीस वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. त्या नावाच्या पाटीखाली उतरणाऱ्या मराठी कामगाराला मात्र आजही तोच प्रश्न पडतो: खोली कुठे बघायची?

स्टेशन किल्ल्याच्या पश्चिमेला. त्या बाजूला सीपरी बाजार, नगरा, पुलिया नंबर नऊ, या कामगारांच्या वस्त्या. जुने शहर किल्ल्याच्या पलीकडे, कोटाच्या आत. ओरछा, दतिया, उन्नाव, सागर, लक्ष्मी अशी नावे असलेल्या दरवाजांमधले ते शहर. माणिक चौक, बडा बाजार, राणी महाल. ड्युटीला लांब पडते, तरी मराठी माणूस तिकडे ओढला जातो. शेजारी मराठी ऐकू येते, गणेश मंदिर जवळ, भाजी-किराणा पायाखाली. जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला तरी तळमजल्याची खोली सुसह्य असते. रात्रपाळी करून दुपारी झोपणाऱ्याला हे सुख पगाराइतकेच मोलाचे. म्हणून जुन्या शहरातली खोली हवीशी वाटते आणि म्हणूनच ती ‘ओळखीवर’ मिळते.

आता ओळखीवर मिळालेल्या खोलीचे पुढे काय होते, तेही पाहू. वर्कशॉपमधला एक तंत्रज्ञ साथी अशाच एका वाड्यात सहा वर्षे राहिला. मालक मायेचा. ‘आपल्यात कागद कशाला?’ असे म्हणून त्यांनी करार केला नाही, पावती कधी दिली नाही, यानेही मागितली नाही. भाडे दर महिन्याला रोख. मालक वारले. मुले परगावाहून आली, त्यांना वाडा विकायचा होता. आठ दिवसांत खोली रिकामी करा, म्हणाली. नवव्या दिवशी नळ बंद. ऐन उन्हाळा, बुंदेलखंडातला. बायको दोन पोरांना घेऊन हातपंपावर रांगेत. साथी आमच्याकडे आला. आम्ही विचारले, ‘करार?’ नाही. ‘पावती?’ नाही. ‘सहा वर्षे राहिलास याचा एक तरी कागद?’ नाही. मुले तर म्हणू लागली, हे पाहुणे म्हणून राहत होते, भाडे कोणी घेतले? अनामत रकमेचाही पत्ता लागला नाही. आम्ही शब्द टाकून पंधरा दिवसांची मुदत मिळवली. त्यापलीकडे संघटना काही करू शकली नाही, हे कबूल करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही, वाईट मात्र वाटते.

बंधू-भगिनींनो, या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. ‘आपला माणूस’ या शब्दाने एकाला दाराबाहेर ठेवले आणि त्याच शब्दाने दुसऱ्याला बिनकागदाचा आत घेतले. ओळखीवर जे मिळते ते ओळखीवरच जाते. आपण नोकरीत असा कारभार चालू देतो का? साहेब कितीही ओळखीचा असला तरी ओव्हरटाइमची नोंद रजिस्टरलाच करून घेतो. सेवाज्येष्ठतेची यादी आडनावावरून लागली तर गेटवर सभा भरवतो. मग घराच्या बाबतीत आपण निराळे का वागतो?

याच झाशीत घडलेली गोष्ट पाहा. गंगाधरराव नेवाळकरांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला, इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष घेतला, लेखी कळवले. तरी १८५४ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केले आणि राणीला किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात राहायला यावे लागले. कागद असूनही सरकार मुकरले. मग ज्याच्याकडे कागदच नाही, त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

भाड्याचा कायदा हा कामगारांच्या लढ्यातून आलेला आहे, हेही विसरू नये. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ग्लासगो शहरात घरमालकांनी भाडी चढवली. मेरी बार्बर यांच्यासारख्या कामगार घरांतल्या बायका पुढे झाल्या, हजारो कुटुंबांनी वाढीव भाडे नाकारले, गोदीतले कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारला भाडी गोठवण्याचा कायदा करावा लागला. मुंबईत असा पहिला कायदा १९१८ मध्ये आला. संघटना आणि भाडे यांचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

उत्तर प्रदेशात १९७२ च्या कायद्याची जागा आता २०२१ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. त्यातली कलमे प्रत्येक साथीने पाठ करावीत. लेखी कराराशिवाय घर भाड्याने देता येत नाही. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. भाडे घेतले की पावती द्यावी लागते. मालक आणि भाडेकरू यांच्यात कितीही वाद झाला तरी पाणी, वीज तोडता येत नाही. खोलीत यायचे तर मालकाने चोवीस तास आधी कळवायचे असते. कराराची माहिती जिल्ह्यातल्या भाडे प्राधिकरणाला द्यायची असते आणि तंट्याची दादही तेथेच मागायची असते. आमच्या तंत्रज्ञ साथीचे पाणी तोडणे हा उघड कायद्याचा भंग होता. पण तो भाडेकरू होता हे सिद्ध करायलाच त्याच्याकडे काही नव्हते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठीही एक गोष्ट सांगतो. तेथे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे किती जणांना ठाऊक आहे?

जुन्या शहरात आणखी एक सबब ऐकू येते. छत गळते, जिना हलतो. मालक म्हणतो, ‘पुरातत्त्व खाते हात लावू देत नाही.’ किल्ला आणि राणी महाल ही संरक्षित स्मारके आहेत, हे खरे. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम मना आहे आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते, हेही खरे. पण जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी अर्ज करून परवानगी मिळवण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. अर्ज केला का, एवढे विचारा. बहुतेक वेळा अर्जच केलेला नसतो.

घरमालकाची बाजू आम्हाला दिसत नाही, असे नाही. जुन्या शहरातले कितीतरी मालक आपलेच निवृत्त बंधू किंवा त्यांच्या विधवा आहेत. पेन्शन आणि एका खोलीचे भाडे यांवर त्यांचे औषधपाणी चालते. जुन्या कायद्याखालचे काही भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या चहापाण्याच्या पैशात राहिले, आणि त्या धास्तीने ‘कागद दिला की माणूस निघत नाही’ अशी समजूत पक्की झाली. पण नव्या कायद्यात करार मालकालाही राखतो. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला आधी दुप्पट आणि पुढे चौपट भाडे भरावे लागते. म्हणजे कागदाला भिण्याचे कारण दोघांनाही उरलेले नाही. उरला तो फक्त आडनावाचा प्रश्न.

त्याबद्दल स्पष्ट बोलतो. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून येऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या शहरात त्यांना भाड्याने घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत राहत होते, तेथूनही जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. एवढ्या विद्वान माणसाला हे भोगावे लागले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शंभरावर वर्षे झाली. आज काठ्या नाहीत, चहा आहे आणि पुतण्या आहे. पण सामान घेऊन जिना उतरणाऱ्या पोराच्या मनात जे होते, ते तेव्हाही तेच होते आणि आजही तेच आहे.

आणि हे झाशीत घडावे? किल्ल्यात जाऊन पाहा. तोफखान्याचे गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी तेथे जवळजवळ आहेत. कोरी समाजातल्या झलकारीबाईंचे नाव या शहरात राणीच्या नावाबरोबर घेतले जाते. १८५८ च्या वेढ्यात बुरुजावर कोणी कोणाला आडनाव विचारून उभे केले नव्हते. ज्या कोटाच्या रक्षणासाठी सगळ्यांचे रक्त चालले, त्या कोटाच्या आत एक खोली देताना मात्र आपण पूर्ण नाव विचारतो. देवघर सांभाळणाऱ्या आमच्या त्या जुन्या साथीला आमचे एवढेच विचारणे आहे: गेटवर ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ म्हणताना शेजारच्या माणसाचे आडनाव तुम्ही विचारले होते का?

आता प्रशासनाकडे वळू. खोलीसाठी अशी धावाधाव करावी लागते, कारण राहण्याजोगी क्वार्टर्स पुरेशी नाहीत. आणि जो भत्ता मिळतो तो तळच्या माणसाला पुरत नाही. झाशी ‘वाय’ वर्गातले शहर. जुलै २०१७ मध्ये येथे घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या सोळा टक्के ठरला, किमान ३,६०० रुपये. पुढे दर अठरा टक्के झाला. जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता पन्नास टक्के झाल्यावर तो वीस टक्के झाला. ऐकायला वाढ मोठी. पण १८,००० मूळ वेतनाचे वीस टक्के किती? तेच ३,६००. म्हणजे नव्याने लागलेल्या ट्रॅक मेंटेनरला २०१७ मध्ये जे मिळत होते, तेच सात वर्षांनीही मिळाले. घरमालकाने सात वर्षांत भाडे वाढवले नाही, असे कोणी म्हणू शकेल काय? दर वाढले तशी किमान रक्कमही वाढली पाहिजे आणि पडीक क्वार्टर्स दुरुस्त करून वाटली पाहिजेत, ही आमची मागणी आहे व राहील. मात्र आपल्यापैकी जे मिळालेले क्वार्टर पोटभाड्याने देऊन दुसरीकडे राहतात, त्यांनी या मागणीचे पाय आपणच कापू नयेत.

आमच्या शाखेने पुढील गोष्टी ठरवल्या आहेत, आणि इतर शाखांनीही त्या कराव्यात अशी विनंती आहे.

१) रिकाम्या खोल्यांची यादी शाखेच्या फलकावर लावली जाईल. सभासद, निवृत्त बंधू, कोणाचीही खोली असो, नोंद फुकट.

२) यादीत जागा, भाडे, अनामत, पाण्याची वेळ आणि विजेचा सबमीटर यांची माहिती असेल. खोली ज्याने आधी मागितली त्याला मिळेल. आडनाव पाहून नाकारल्याचे दिसले तर त्या मालकाची नोंद फलकावरून उतरवली जाईल, मग तो कितीही जुना सभासद असो.

३) करारनाम्याचा सोपा नमुना हिंदी व मराठीत शाखेत मिळेल. साक्षीदार म्हणून सही करायला शाखेचा माणूस येईल.

४) पावती नाही तर भाडे रोख नाही, बँकेतून द्यावे. प्रत्येक नव्या साथीला रुजू होतानाच हे समजावून सांगितले जाईल.

तो तरुण साथी सध्या नगऱ्यात दोघांबरोबर एका खोलीत राहतो. रात्रपाळी करतो आणि दिवसा पत्र्याखाली झोपण्याचा प्रयत्न करतो. आम्ही त्याला या यादीबद्दल सांगितले. तो म्हणाला, ‘पहिलं नाव कोणाच्या खोलीचं लावणार, भाऊ?’ प्रश्न बरोबर होता. आमच्या घरातली वरची खोली मुलीच्या लग्नानंतर रिकामीच आहे. फलकावरची पहिली नोंद तिची केली आहे. भाडे, अनामत आणि पाण्याची वेळ लिहिली आहे. करार तयार आहे, पावतीपुस्तक आणले आहे.

दुसरी नोंद कोण करतो, याची आम्ही वाट पाहत आहोत. त्या वाड्याच्या मालकांनी केली, तर हार घालायला आम्ही पुन्हा येऊ.

कामगार एकजुटीचा विजय असो!